केसाने गळा कापला जातो तेव्हा : दगा झालेल्या मारेकरी स्त्रीची थरारकादंबरी कशी लिहावी

सुपारी घेऊन खून करणारी एक स्त्री आणि काम झाल्यावर तिलाच संपवायला निघालेली तिची माणसे, एवढ्या एका ओळीत मावणारे हे कथाबीज अनेक लेखकांना मोह घालते, आणि त्यांपैकी बहुतेकांचे लेखन तिसऱ्या किंवा चौथ्या प्रकरणापाशी अडून राहते. अडण्याचे कारण बहुधा एकच असते. लेखकाने बंदुका, पाठलाग आणि सूड यांची भरपूर तयारी केलेली असते, पण ज्या विश्वासाचा घात व्हायचा आहे तो विश्वास त्याने उभाच केलेला नसतो. विश्वासघात या शब्दातच कामाचा क्रम सांगितलेला आहे : आधी विश्वास, मग घात. त्या क्रमाने कादंबरीची बांधणी कशी करावी हे या लेखात सांगायचे आहे. खुनाच्या तंत्राला इथे फार थोडी जागा मिळेल, कारण कादंबरीतही त्याला तेवढीच जागा द्यावी असे माझे ठाम मत आहे.

जुन्या कथांतली मुकी जागा

हत्येसाठी पाठवलेल्या स्त्रीची कथा आपल्या परंपरेला नवी नाही. कंसाने पाठवलेली पूतना स्तनांना विष लावून गोकुळात येते, आणि वरवरच्या मायेला आपण आजही पूतनामावशीचे प्रेम म्हणतो. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ या नाटकात नंदांचा अमात्य राक्षस चंद्रगुप्ताला मारण्यासाठी विषकन्या योजतो. चाणक्याला ते उमगते. तो त्याच विषकन्येकरवी चंद्रगुप्ताचा साथीदार राजा पर्वतक याचा काटा काढतो आणि वर पर्वतकाला राक्षसानेच मारले अशी वदंता पसरवतो. दुहेरी दग्याची सगळी यंत्रणा या एका घटनेत आहे : हत्यार एकाचे, ते वळवणारा हात दुसऱ्याचा, बळी तिसरा आणि आळ पुन्हा पहिल्यावर. थरारकादंबरी लिहू पाहणाऱ्याने हे नाटक अभ्यासाला घ्यावे, कारण कट, प्रतिकट आणि हस्तकांची ये-जा यांचा असा घट्ट विणलेला नमुना क्वचितच मिळतो.

मात्र त्या नाटकात विषकन्या रंगमंचावर येत नाही. ती फक्त दुसऱ्यांच्या बोलण्यात येते. तिला नाव नाही, एकही संवाद नाही. तिला कोणी पाठवले आणि कोणी वळवले हे आपल्याला कळते, पण आपल्याला भलत्याच्याच शयनगृहात धाडले गेले आहे हे तिला कधी कळले का, या प्रश्नाला तिथे जागाच नाही. पूतनेच्या बाबतीत निदान भागवताने तिला मातेची गती मिळाल्याचे सांगितले आहे. म्हणजे ज्याला मारायला ती आली त्याच्याकडून तिला काही मिळाले, ज्याने पाठवले त्याच्याकडून नाही. आपल्याला लिहायची आहे ती कादंबरी नेमकी या मुक्या जागेतली आहे. जिला हत्यार म्हणून वापरले गेले तिला तोंड फुटले, तर ती काय बोलेल?

अलीकडच्या काळातली एक खरी घटनाही इथे ध्यानात घ्यावी. 13 फेब्रुवारी 2017 रोजी क्वालालंपूरच्या विमानतळावर उत्तर कोरियाच्या सत्ताधीशाचे सावत्र भाऊ किम जोंग-नाम यांच्या चेहऱ्याला दोन तरुणींनी व्हीएक्स हे अत्यंत घातक रसायन फासले आणि थोड्याच वेळात त्यांचा मृत्यू झाला. त्या तरुणींपैकी एक इंडोनेशियाची होती आणि एक व्हिएतनामची. लोकांची गंमत करण्याच्या एका छुप्या कॅमेऱ्याच्या कार्यक्रमासाठी आपल्याला पैसे देऊन बोलावले होते, असे त्या दोघींचे म्हणणे होते. ज्या पुरुषांवर हा कट रचल्याचा संशय होता त्यांच्यापैकी चौघे त्याच दिवशी विमानाने देश सोडून गेले, आणि फाशीच्या शक्यतेला तोंड देत खटल्याला उभ्या राहिल्या त्या दोघीच. 2019 मध्ये एकीवरचा आरोप मागे घेण्यात आला, तर दुसरीने कमी गंभीर गुन्ह्याची कबुली दिल्यावर तिची सुटका झाली. या घटनेवर बेतलेली कथा लिहा असे मी सुचवत नाही. पण खऱ्या जगातला दगा कसा असतो हे तिच्यातून शिकण्यासारखे आहे : त्यात आरडाओरड नसते, काम नेमके झालेले असते, आणि काम देणारे विमानात बसलेले असतात.

आधी दगा देणाऱ्याची वही

पहिल्या प्रकरणाला हात लावण्यापूर्वी दगा देणाऱ्याच्या तोंडून पाच-सहा पाने लिहून काढावीत. ही पाने कादंबरीत जाणार नाहीत, पण ती लिहिलेली नसली की पुढे पानोपानी जाणवते. या पानांत त्याने स्वतःची बाजू स्वतःला पटेल अशी मांडली पाहिजे. “मी दुष्ट आहे म्हणून तिला मारतो” असे कोणताही माणूस स्वतःशी म्हणत नाही. “आता दुसरा इलाज उरला नाही” असे म्हणतो. तो इलाज का उरला नाही, हे लेखकाला तारीखवार माहीत हवे.

सर्वांत आधी ठरवायचे ते हे की दगा देणाऱ्याला ती मेलेली हवी आहे की पकडली गेलेली. या दोन वेगळ्या कादंबऱ्या आहेत. ती मेलेली हवी असेल तर ती साक्षीदार आहे, आणि कथा पळापळीची होईल. ती पकडली गेलेली हवी असेल तर कोणालातरी गुन्हेगार म्हणून उभे करण्याची गरज आहे, तपास एका ठिकाणी थांबवायचा आहे, आणि कथा पुराव्यांची होईल; त्यात तिने खरोखर केलेल्या गोष्टींच्या आधारेच तिच्यावर न केलेल्या गोष्टी लादल्या जातील. दुसरा प्रकार लिहायला कठीण आहे, पण मला तो अधिक कसदार वाटतो, कारण तिथे नायिकेला “मी हे केले नाही” असे म्हणायचे असते आणि ते म्हणण्याचा तिला नैतिक अधिकार जवळजवळ नसतो.

उरलेले पैसे वाचवण्यासाठी दगा, हे कारण नवे लेखक सर्रास वापरतात आणि ते सर्वांत कच्चे असते. खुनासाठी मोठी रक्कम मोजू शकणारा माणूस उरलेल्या हप्त्यासाठी एका तरबेज मारेकऱ्याचे वैर ओढवून घेत नाही. भीती हे त्याहून फार चांगले कारण आहे. मध्यस्थ, म्हणजे सुपारी देणारा आणि ती यांच्यातला दुवा, स्वतः पोलिसांच्या कचाट्यात सापडला आहे आणि माफीचा साक्षीदार व्हायचे तर त्याला काहीतरी मोठे हातात ठेवावे लागणार आहे. किंवा सुपारी देणाऱ्याला कळले आहे की हा मध्यस्थ बोलू लागला आहे, आणि आपल्यापर्यंत पोहोचणारा प्रत्येक धागा तोडणे त्याला भाग आहे. भीती कुठवर नेते याचे प्रसिद्ध उदाहरण न्यूयॉर्कच्या गुन्हेगारी इतिहासात आहे. 1930 च्या दशकात सुपारीने खून करणाऱ्या टोळीतला एब रेलेस 1940 मध्ये सरकारी साक्षीदार झाला आणि त्याच्या साक्षीमुळे त्याचे जुने साथीदार विजेच्या खुर्चीपर्यंत पोहोचले. 12 नोव्हेंबर 1941 रोजी, पोलिसांच्या पहाऱ्यात असताना, कोनी आयलंडच्या एका हॉटेलच्या खिडकीतून पडून तो मेला. तो पडला की त्याला ढकलले, यावर आजवर वाद आहे. दगा देणारा आणि दगा झालेला यांच्यातली रेषा किती पातळ असते हे दाखवायला याहून अधिक काही लागत नाही.

वहीत आणखी एक तक्ता असावा : कोणाला काय माहीत आहे. सुपारी देणारा, मध्यस्थ आणि ती, अशी साखळी असेल तर मध्यस्थाचे कामच मुळी दोन टोकांना एकमेकांपासून दूर ठेवण्याचे असते. ज्या दिवशी एखाद्याला त्याच्या वाट्यापेक्षा जास्त कळते, त्या दिवशी दग्याचे बी पडते. आपल्या नायिकेला नको ते नाव कळले असेल, तर ते कोणत्या दिवशी, कोणाच्या चुकीने आणि ते तिला कळले आहे हे कोणाला कळले, एवढे लिहून ठेवावे. “आत्ताच का?” या प्रश्नाचे उत्तर त्यातूनच मिळते. मागच्या सहा कामांनंतर तिला कोणी हात लावला नाही आणि सातव्यानंतर लावला, यामागे कारण नसेल तर तो दगा लेखकाच्या सोयीसाठी झालेला असतो आणि वाचकाला ते लगेच कळते.

ती कोण आहे

देखणी, तरुण, घट्ट काळ्या कपड्यातली आणि एकही शब्द न बोलणारी स्त्री मनात आली असेल तर ती बाजूला ठेवावी. या कामात स्त्रीचे खरे बळ तिच्या दिसण्यात नसते, न दिसण्यात असते. फरशी पुसणारी बाई, रुग्णालयाच्या मार्गिकेत फाईल घेऊन थांबलेली नातेवाईक, लिफ्टमध्ये पिशव्या सावरणारी चाळिशी उलटलेली बाई यांच्याकडे कोणी दुसऱ्यांदा पाहत नाही. समाज ज्या बायकांकडे पाहायचे टाळतो त्यांच्यातली एक तिला करावे. त्यामुळे विश्वासार्हता तर येतेच, शिवाय कादंबरीला एक खोल प्रश्न मिळतो : जिच्याकडे कोणी कधी पाहिले नाही तिच्याकडे पाहणारा, तिची कदर करणारा एकच माणूस म्हणजे तिचा मध्यस्थ, आणि तोच तिला विकतो.

तिच्या पूर्वायुष्याबद्दल लेखकाने संयम ठेवावा. लहानपणी झालेला अत्याचार किंवा डोळ्यांसमोर मेलेले मूल, यांपैकी एक घटना आणून तिच्या साऱ्या कृत्यांचा हिशोब तिच्यावर लावून टाकण्याची पद्धत फार रुळली आहे, आणि ती दोन्ही बाजूंनी अन्यायकारक आहे. ज्यांनी असे दुःख भोगले त्यांच्यावर, आणि या पात्रावरही, कारण त्यामुळे निवड करण्याची तिची शक्तीच काढून घेतली जाते. एका मोठ्या जखमेऐवजी तिला बारीकसारीक वस्तुस्थिती द्यावी. पहिले काम तिने कोणत्या परिस्थितीत स्वीकारले, मिळालेल्या पैशांचे ती काय करते, शेजाऱ्यांना आपला व्यवसाय काय म्हणून सांगते, कामाच्या आदल्या रात्री तिला झोप लागते का. तिचा एखादा पक्का नियम असावा, आणि या कादंबरीत तो तिने आपणहून मोडलेला असावा, मध्यस्थावर विश्वास असल्यामुळे. दग्याची वेदना त्या मोडलेल्या नियमातून येते.

वाचकाची सहानुभूती म्हणजे माफी नव्हे, हेही लेखकाने मनाशी स्पष्ट ठेवावे. तिने मारलेल्या माणसांपैकी निदान एकाला पूर्ण माणूस म्हणून कादंबरीत आणावे, त्याचे घर, त्याची अर्धवट राहिलेली कामे, त्याच्या मागे उरलेले कोणी. असे केले की तिच्यावर झालेल्या अन्यायाने आपण हळहळत असताना तिने केलेला अन्यायही नजरेआड होत नाही. ही दुहेरी ओढ नसेल तर कादंबरी केवळ सूडाचा हिशोब होऊन बसते.

मध्यस्थाशी असलेले तिचे नाते मात्र सढळ हाताने लिहावे, आणि नवे लेखक नेमकी इथेच काटकसर करतात. निदान तीन प्रसंग असे हवेत ज्यांत त्याचे वागणे खरोखर चांगले आहे. एकदा काम फसले तरी त्याने तिला ठरलेली रक्कम दिली. एकदा सापळा आहे हे ओळखून त्याने तिला वेळेवर माघारी बोलावले. एकदा ती आजारी असताना त्याने काही न विचारता दोन महिने तिला एकही काम दिले नाही. या गोष्टी खोट्या नसाव्यात, नाटक नसाव्यात. तो त्या वेळी तसाच होता. नंतर उलगडताना “तो पहिल्यापासूनच तिला फसवत होता” असे निघाले तर तो विश्वासघात राहत नाही, ती केवळ फसवणूक होते. केसाने गळा कापायचा तर आधी तो केस आपल्या माणसाचा असावा लागतो.

दगा कुठे आणि कसा उघडा करावा

आता एक उदाहरण घेऊ. आठ वर्षे तिला कामे देणारा मध्यस्थ नेहमी फक्त तीन गोष्टी सांगत आला आहे : कोण, कुठे, कधीपर्यंत. कसे जायचे, हे तिने ठरवायचे. या वेळी निरोप देताना तो सहज म्हणतो, “लिफ्ट बंद आहे, मागच्या जिन्याने जा.” ती जिना चढू लागते, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर भिंतीपलीकडून लिफ्ट वर जात असल्याचा घरघर आवाज तिला ऐकू येतो.

एवढेच. बंदूक रोखलेली नाही, कोणी हसत समोर आलेले नाही. पण लिफ्ट चालू आहे याचा अर्थ त्याला ती याच जिन्यात हवी होती, आणि या आवाजासरशी मागची आठ वर्षे उलटीपालटी होतात. हा प्रसंग उभा राहतो तो आधी पेरलेल्या दोन गोष्टींवर. मध्यस्थ कधी वाट सांगत नाही, हे वाचकाने आधी दोनदा पाहिलेले हवे, आणि या वेळी त्याने ती सांगितली हे वाक्य इतर दोन महत्त्वाच्या माहितींच्या मध्ये, अंगावर न येता, ठेवलेले हवे. खोटे जितके लहान आणि घरगुती, तितका धक्का मोठा. ‘मुद्राराक्षसा’च्या दुसऱ्या अंकात राजाच्या शयनगृहात दबा धरून बसलेले मारेकरी उघडे पडतात ते भिंतीच्या फटीतून भाताची शिते घेऊन निघालेल्या मुंग्यांच्या रांगेमुळे. मुंग्या आहेत म्हणजे अन्न आहे, अन्न आहे म्हणजे आत माणसे आहेत. आपली लिफ्ट त्या मुंग्यांच्या जातीची असावी.

अशा क्षणाबद्दल ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवले आहे की परिस्थितीचा पालट आणि सत्याची ओळख या दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या तर परिणाम सर्वांत प्रभावी होतो. जिन्यातल्या त्या पावलावर तिचे दैवही पालटते आणि माणूसही ओळखू येतो, म्हणून तो क्षण दोन प्रकरणांत विभागू नये.

याउलट, वाचकाला दगा तिच्याआधी कळू देणे हा दुसरा मार्ग. चित्रपट-दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी मांडलेला फरक इथे उपयोगी पडतो : टेबलाखालचा बॉम्ब एकाएकी फुटला तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचे आश्चर्य मिळते, पण तो तिथे आहे हे त्याला आधीच सांगितले तर पंधरा मिनिटांची धाकधूक मिळते. दग्याची आखणी वाचकाला दाखवायची असेल तर त्यानंतर ती आणि मध्यस्थ यांची एक साधी, निवांत भेट जरूर लिहावी, कारण तीच त्या पंधरा मिनिटांची जागा आहे. तिसरा मार्ग, म्हणजे तिला आधीच सारे कळलेले असते पण लेखक ते वाचकापासून लपवतो, तो प्रथमपुरुषी निवेदनात वापरू नये. जी आपल्याशी मनातले बोलत आहे तिने इतकी मोठी गोष्ट दडवली, तर दगा वाचकाचाच होतो.

जागेबद्दल म्हणाल तर तीनशे पानांच्या कादंबरीत मी हा क्षण नव्वद ते एकशेदहा या पानांच्या दरम्यान ठेवीन. त्याआधी विश्वास पुरेसा मुरत नाही आणि त्यानंतर परिणामांना जागा उरत नाही.

मराठी क्रियापदे आणि लपलेली नायिका

अनेकांना असे वाटते की खून करणारी व्यक्ती स्त्री आहे हेच काही काळ गुप्त ठेवावे. मराठीत हे अवघड आहे, कारण आपली क्रियापदे पहिल्याच वाक्यात लिंग सांगून टाकतात. “मी आत गेले”, “मी थांबते”, “मी विसरले” यांतले कोणतेही वाक्य आले की गुपित संपले. पण भाषेनेच काही वाटाही ठेवल्या आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्त्याप्रमाणे न चालता कर्माप्रमाणे चालतो. “मी दार उघडले”, “मी किल्ली उचलली”, “मी दिवा मालवला” या वाक्यांत बोलणारा कोण आहे हे कळत नाही. भविष्यकाळातले “मी येईन” आणि रीतिभूतकाळातले “मी तिथे थांबत असे” हेही लिंग सांगत नाहीत. तृतीयपुरुषात “मारेकऱ्याने काच पुसली” हे वाक्य चालते आणि वाचक सवयीने पुरुष धरतो. ही सवयच तर आपल्याला वापरायची असते.

तरीही असे लेखन एका प्रसंगापुरते, फार तर एका प्रकरणापुरते ठेवावे. त्याहून लांबले की गेले, आले, बसले, उठले ही साधी क्रियापदे टाळण्याची लेखकाची धडपड वाक्यावाक्यात दिसू लागते आणि गद्य ताठरते. उलट, गुपित उघडायचे तेव्हा त्यासाठी वेगळे वाक्य लिहू नये. सोळा-सतरा सकर्मक वाक्यांनंतर एकच “मी निघाले” पुरते.

संबोधनांचेही तसेच आहे. मध्यस्थ तिला आठ वर्षे ‘तुम्ही’ म्हणत आला असेल आणि दग्यानंतरच्या पहिल्या फोनवर ‘तू’ म्हणाला, तर तिथे कोणतेही विशेषण लागत नाही. किंवा त्याच्या उलट, जवळीक म्हणून नेहमी ‘तू’ म्हणणारा माणूस शेवटच्या निरोपात ‘तुम्ही’ वापरतो, आणि त्या दुराव्यातून तिला शंका येते. वर लिफ्टच्या उदाहरणात मी त्याला ‘जा’ म्हणायला लावले आहे. ‘जा’ ऐवजी ‘जावे’ म्हणाला असता तर ती कदाचित जिन्यापर्यंत गेलीच नसती. ‘गेम करणे’, ‘पंटर’ असले टोळीतले शब्द मात्र तोलून वापरावेत, ज्याच्या तोंडी शोभतील त्याच्याच तोंडी. रोज हे काम करणारी माणसे त्याबद्दल उघड शब्दांत बोलत नाहीत, त्यामुळे ‘ते काम’ हा शब्द बहुतेक ठिकाणी जास्त भीतिदायक ठरतो.

तपशिलांची शहानिशा

काही गैरसमज पडद्यावरून इतके पसरले आहेत की लेखकाने ते आपल्या खर्ड्यातून शोधून काढावेत. ध्वनिशामक (सायलेन्सर) लावलेली बंदूक शिट्टीसारखा हलका आवाज करते, हे खरे नाही. बंदुकीचा आवाज साधारण 140 ते 170 डेसिबलच्या दरम्यान असतो आणि ध्वनिशामकामुळे तो ढोबळमानाने 20 ते 35 डेसिबलने घटतो, म्हणजे शेजारच्या खोलीत झोपलेला माणूस जागा होईलच. शिवाय गोळीचा वेग ध्वनीच्या वेगाहून, म्हणजे सेकंदाला सुमारे 343 मीटरहून, अधिक असेल तर हवेत फुटणारा तडाखा वेगळाच. गोळी लागलेला माणूस मागे उडून भिंतीवर आदळत नाही. रुमालावरच्या क्लोरोफॉर्मने कोणी क्षणात बेशुद्ध पडत नाही, त्याला काही मिनिटे लागतात. मृतदेहाचा ताठरपणा साधारण 2 ते 4 तासांत सुरू होतो, 12 तासांच्या सुमारास पूर्ण होतो आणि पुढे दीड-दोन दिवसांत उतरतो, पण तापमानाप्रमाणे हे आकडे बरेच बदलतात, म्हणून कादंबरीतल्या डॉक्टरने मृत्यूची वेळ मिनिटांत सांगू नये.

तपासाच्या बाजूने पाहिले तर 1910 मध्ये फ्रान्समधल्या ल्योन येथे पोलिसांसाठी प्रयोगशाळा उभारणाऱ्या एडमंड लोकार यांचे तत्त्व लेखकाला पुरेसे आहे : प्रत्येक स्पर्शात देवाणघेवाण होते, येणारा काही ठेवून जातो आणि काही घेऊन जातो. डीएनए चाचणीच्या आधारे खुनाची शिक्षा पहिल्यांदा 1988 मध्ये झाली, त्यामुळे कथा त्याआधीच्या काळात घडत असेल तर तिचा पुराव्याचा भाग अगदी निराळा लिहावा लागेल. आजच्या काळातली कथा असेल तर मोबाईल फोन, रस्त्यावरचे कॅमेरे आणि पैशांचे व्यवहार या तीन गोष्टींचे उत्तर लेखकाजवळ तयार हवे. मात्र कृतीचे बारकावे कृतिपुस्तकासारखे देण्याची गरज नाही आणि ते देऊही नयेत. वाचकाला तिचा हात थरथरला का हे जाणून घ्यायचे असते. हातातले साधन कसे मिळवले हे नाही.

दग्यानंतरची दोनशे पाने

जिन्यातून ती निसटली, असे धरू. त्या क्षणी तिने काय काय गमावले याची यादी करावी : राहते घर, ठेवलेले पैसे, खोटी कागदपत्रे, ठरलेल्या निवाऱ्याच्या जागा. हे सारे मध्यस्थाला माहीत होते, कारण बहुतेक त्यानेच जमवून दिले होते. पोलिसांकडे ती जाऊ शकत नाही. म्हणजे जगातल्या सर्वांत साध्या गोष्टी, रात्रीची झोप, जखमेवर टाके, फोन करायला एक माणूस, तिच्यासाठी सर्वांत अवघड झाल्या आहेत. या अडचणी मनापासून लिहाव्यात. ज्या नायिकेला खांद्यात गोळी लागून दुसऱ्या दिवशी छपरांवरून उड्या मारता येतात तिच्याबद्दल आपल्याला काळजी वाटत नाही.

आता तिला तीन गोष्टी हव्या असतील : जिवंत राहणे, हे कोणी आणि का केले ते कळणे, आणि परतफेड. कादंबरीचा उरलेला प्रवास म्हणजे या तीन इच्छांचा बदलता क्रम. सुरुवातीला जगणे पुढे असते. थोडी स्थिर झाली की ‘का’ हा प्रश्न पुढे येतो, आणि तो इतका वाढावा की त्यासाठी तिने जगण्याचा धोका पत्करावा. परतफेड शेवटी यावी, आणि ती करायची वेळ येईपर्यंत तिची इच्छा पालटलेली असली तरी हरकत नाही. तिला मदत करणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचे कारण आणि स्वतःची किंमत द्यावी. फुकट मदत करणारा अनोळखी माणूस आला की धाकधूक सैल पडते.

मध्यस्थाशी तिची पुन्हा गाठ पडते तो प्रसंग या कादंबरीचे काळीज आहे. तिथे त्याला लांबलचक कबुलीजबाब देऊ नये. सुरुवातीला लिहिलेली ती वही आता काढावी, तिच्यातले सर्वांत खरे एकच वाक्य निवडावे आणि तेवढेच त्याच्या तोंडी घालावे. ते ऐकताना तिच्या मनात, आणि वाचकाच्याही मनात, “त्याच्या जागी मी असते तर?” हा विचार क्षणभर आला पाहिजे. तिने आठ वर्षे अनोळखी माणसांना पैशांसाठी मारले आहे. तिला एका माणसाने भीतीपोटी विकले. या दोन गोष्टी शेजारी ठेवल्यावर तिला जे काही वाटेल, तो कादंबरीचा शेवट. ती त्याला मारते की सोडते, स्वतः मरते की पकडली जाते, हे त्यानंतरच ठरवावे. आधी ठरवलेला शेवट या प्रसंगाला वाकवतो, असा माझा अनुभव आहे.

पहिला खर्डा पुरा झाल्यावर किमान महिनाभर तो बाजूला ठेवावा. मग दोन रंगांच्या पेन्सिली घेऊन फक्त मध्यस्थाची वाक्ये वाचत जावीत आणि त्याच्या प्रत्येक खोट्या वाक्यापुढे तांबडी, खऱ्या वाक्यापुढे निळी खूण करावी. तांबड्या खुणेची प्रत्येक जागा वाचकाला दुसऱ्या वाचनात सापडेल अशी आहे का, हे तपासावे. आणि पहिल्या शंभर पानांत निळ्या खुणा तांबड्या खुणांच्या निदान दहापट नसतील, तर मध्यस्थाने तिच्याशी चांगले वागण्याचे आणखी प्रसंग लिहायला बसावे.